डेटाबेसमध्ये आत्ता कोण काय करतंय? सेशनवर लक्ष ठेवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांचं बिलिंग, दवाखान्यांची नोंदणी, क्लासेसची फी असं बरंच काही लहान-मोठ्या सर्व्हरवर चालतं. ते सांभाळणारी आपली मराठी मुलंमुली फोन करून जे विचारतात, ते इथे एकत्र लिहिलं आहे. उदाहरणं जास्त करून पोस्टग्रेस या डेटाबेसची आहेत, कारण माझं रोजचं काम त्यावर चालतं. मायएसक्यूएल, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर जिथे वेगळे वागतात, तिथे तसं सांगितलं आहे.

सेशन आणि कनेक्शन एकच का?

रोजच्या बोलण्यात एकच, आणि पोस्टग्रेसमध्ये जवळजवळ तसंच आहे: एक कनेक्शन, एक सेशन, त्यासाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस. ओरॅकलमध्ये मात्र एकाच कनेक्शनवर एकाहून जास्त सेशन असू शकतात. कनेक्शन म्हणजे दोन टोकांमधली वाट. त्या वाटेने आत आलेल्या युजरचं डेटाबेसशी चालू असलेलं खातं म्हणजे सेशन. त्याच्या सेटिंग, त्याची तात्पुरती टेबलं, त्याने धरलेली लॉक (आपलं काम होईपर्यंत ओळ इतरांना बदलू न देणारी कुलुपं) आणि अर्धवट राहिलेलं ट्रान्झॅक्शन (सगळे मिळूनच पक्के किंवा रद्द होणारे बदल) हे सगळं त्या खात्यात येतं. आपलं लक्ष हवं ते या खात्यावर.

आत्ता कोण कोण आत आहे ते कुठे दिसतं?

पोस्टग्रेसमध्ये पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी या व्ह्यूमध्ये, म्हणजे टेबलासारख्या वाचायच्या यादीत. मायएसक्यूएलमध्ये 'शो फुल प्रोसेसलिस्ट'. यातला 'फुल' विसरू नका, नाहीतर क्वेरीची, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेची, पहिली १०० अक्षरंच दिसतात. ओरॅकलमध्ये व्ही-डॉलर-सेशन, आणि आरएसी (रॅक) म्हणजे एकच डेटाबेस अनेक सर्व्हरवरून चालवणारी रचना असेल तर जीव्ही-डॉलर-सेशन. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एसपी_हू२ अजून बोटांवर बसलेलं असतं, पण २००५ पासून आलेले डीएम_एक्झेक_सेशन्स आणि डीएम_एक्झेक_रिक्वेस्ट्स हे व्ह्यू जास्त सांगतात. पहिल्यात आत असलेले सगळे दिसतात, दुसऱ्यात फक्त ज्यांचं काम आत्ता चालू आहे ते.

डेटाबेसची स्वतःची पार्श्वभूमीवरची कामंही या याद्यांमध्ये येतात. पोस्टग्रेसमध्ये बॅकएंड_टाइप 'क्लायंट बॅकएंड', ओरॅकलमध्ये टाइप 'युजर' आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये इझ_युजर_प्रोसेस बरोबर १ अशी गाळणी लावा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये '५० च्या वरचे नंबर आपले' असं अजून बरेच जण शिकवतात. त्यावर विसंबू नका.

'आयडल' आणि 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' यात एवढा काय फरक?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

मांडवीजवळच्या आपल्या सेंट्रल लायब्ररीचं वाचनालय डोळ्यांसमोर आणा. कुणी खुर्चीत नुसता बसलाय, हातात काही नाही; तो आयडल. एक खुर्ची अडते, बाकी कुणाचं काही बिघडत नाही. दुसरा पुस्तक वाचतोय, तो अ‍ॅक्टिव्ह. तिसऱ्याने पुस्तक मांडीवर ठेवलंय, तो वाचतही नाही आणि परतही करत नाही, आणि त्याच पुस्तकासाठी काउंटरवर रांग लागली आहे. हा तिसरा म्हणजे आयडल इन ट्रान्झॅक्शन.

या सेशनने ट्रान्झॅक्शन सुरू केलं, काहीतरी बदललं, आणि कमिट (पक्कं) किंवा रोलबॅक (रद्द) न करता ते थांबून राहिलं. बदललेल्या ओळींवरची लॉक तशीच असतात. पोस्टग्रेसमध्ये आणखी एक नुकसान होतं: असं लिहिणारं ट्रान्झॅक्शन उघडं राहिलं की त्यानंतर मेलेल्या, म्हणजे बदलल्या-पुसल्याने निरुपयोगी झालेल्या, ओळी व्हॅक्यूम या सफाईच्या कामाला साफ करता येत नाहीत आणि टेबल फुगत जातं. सीपीयू शांत असतो, डिस्क शांत असते, ग्राफवर सगळं हिरवं दिसतं, आणि आत मात्र कोंडी झालेली असते.

मायएसक्यूएलवाल्यांनी इथे जास्त सावध राहायला हवं. तिथे प्रोसेसलिस्टमध्ये नुसता बसलेला आणि ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बसलेला, दोघेही 'स्लीप'च दिसतात. फरक कळण्यासाठी इन्फर्मेशन स्कीमामधलं इनोडीबी_टीआरएक्स हे उघड्या ट्रान्झॅक्शनचं टेबल बघावंच लागतं.

सेशन 'अ‍ॅक्टिव्ह' दिसतंय, पण काम काही पुढे सरकत नाही. असं कसं?

अ‍ॅक्टिव्ह याचा अर्थ एवढाच की क्वेरी आली आहे आणि तिचं उत्तर अजून गेलेलं नाही. मधल्या वेळात ती खरंच काम करतेय की कशाची तरी वाट बघतेय, ते या शब्दातून कळत नाही. त्यासाठी शेजारचे वेट_इव्हेंट_टाइप आणि वेट_इव्हेंट हे दोन कॉलम वाचायचे. पोस्टग्रेसमध्ये ते ९.६ पासून, म्हणजे २०१६ पासून आहेत. तिथे 'लॉक' असेल तर दुसऱ्या कुणीतरी अडवलंय. 'आयओ' आणि 'डेटाफाइलरीड' असेल तर डिस्कवरून वाचणं चालू आहे, म्हणजे इंडेक्स नसेल किंवा मेमरी कमी पडत असेल. कॉलम रिकामा असेल तर ते सेशन बहुधा सीपीयूवर आहे. आयडल सेशनपुढे 'क्लायंटरीड' दिसलं तर घाबरू नका. डेटाबेस समोरच्याच्या पुढच्या वाक्याची वाट बघतोय, इतकंच.

ओरॅकलमध्ये हेच इव्हेंट आणि ब्लॉकिंग_सेशन या कॉलममधून कळतं. लास्ट_कॉल_ईटी हा कॉलम सेशन आताच्या स्थितीत किती सेकंद आहे ते सांगतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'सस्पेंडेड' म्हणजे कशाची तरी वाट, आणि 'रनेबल' म्हणजे सगळं तयार आहे पण सीपीयूची पाळी आलेली नाही.

'सगळं हँग झालंय' असा फोन आला. सुरुवात कुठून करू?

रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्यांकडून रांगेच्या तोंडाशी जायचं. एक प्रसंग जसाच्या तसा सांगतो.

महिन्याची ११ तारीख, संध्याकाळ. जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायचा शेवटचा दिवस, त्यामुळे मकरपुऱ्यातल्या त्या कारखान्याच्या अकाउंट्समध्ये सगळे बसलेले. बिल सेव्ह करायला गेलं की स्क्रीन नुसती फिरत राहते. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी उघडलं. बारा-पंधरा सेशन अ‍ॅक्टिव्ह, सगळ्यांची क्वेरी एकच: बिल क्रमांकाच्या मालिकेतला आकडा एकाने वाढवायचा. सगळ्यांसमोर वेट_इव्हेंट_टाइप 'लॉक'. पण वेट_इव्हेंट नीट वाचलं तर एकाच सेशनसमोर, प्रोसेस नंबर १८४२२ समोर, 'ट्रान्झॅक्शनआयडी' (दुसऱ्याचं ट्रान्झॅक्शन संपायची वाट) लिहिलेलं आणि बाकी सगळ्यांसमोर 'टपल' (त्या ओळीसाठी पाळीची वाट). इथेच रांगेचा आकार कळतो: १८४२२ रांगेत पहिला, बाकीचे त्याच्या मागे.

पीजी_ब्लॉकिंग_पिड्स या फंक्शनला १८४२२ दिला, उत्तर आलं १८३७७. त्याची ओळ बघितली. स्टेट 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'. शेवटची क्वेरी, मालिकेतला आकडा हाताने दुरुस्त करणारं अपडेट. झॅक्ट_स्टार्ट, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ, ४:५२, आणि घड्याळात साडेपाच वाजून गेलेले. अ‍ॅप्लिकेशन_नेममध्ये बिलिंगचं सॉफ्टवेअर नव्हतं. डेटाबेसला थेट जोडणारं डेस्कटॉप टूल होतं. क्लायंट_अ‍ॅड्रेस ऑफिसातल्याच एका संगणकाचा.

फोन लावला. "काका, दुपारी सिरीजचा नंबर दुरुस्त केलात का?" केला होता. टूलमध्ये ऑटो-कमिट बंद होतं, त्यांना आकडा बदललेला दिसला, ते निर्धास्तपणे दुसऱ्या कामाला लागले. त्यांनी कमिट दाबलं आणि अडकलेली सगळी बिलं एकामागोमाग निघाली.

यात सर्व्हर रीस्टार्ट केला असता तरी कोंडी सुटली असती. पण मग काकांची दुरुस्ती गेली असती, मालिका पुन्हा चुकीच्या आकड्यावरून सुरू झाली असती आणि कारण कुणालाच कळलं नसतं. म्हणून माझा आग्रह असतो की आधी साखळी वाचा. मायएसक्यूएलमध्ये सिस स्कीमामधला इनोडीबी_लॉक_वेट्स हा व्ह्यू हेच काम करतो, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ब्लॉकिंग_सेशन_आयडी हा कॉलम. तिथेही साखळीचं मूळ अनेकदा 'स्लीपिंग' सेशन असतं. ते रिक्वेस्ट्सच्या यादीत दिसतच नाही, सेशन्सच्या यादीत शोधावं लागतं.

मग किल कधी करायचं, म्हणजे सेशन बळजबरीने कधी तोडायचं?

समोरचा माणूस सापडत नाही, किंवा सापडला तरी त्याला काही करता येत नाही, आणि त्याने अडवलेलं काम त्याच्या स्वतःच्या कामापेक्षा मोठं आहे, तेव्हा. तोपर्यंत नाही. प्रत्येक ओळीमागे कुणाचं तरी अर्धवट काम असतं. त्याला न विचारता ते फेकून देण्याचा अधिकार आपल्याला पासवर्डमुळे मिळतो, म्हणून तो जपून वापरावा.

करायचंच ठरलं तर दोन पायऱ्या आहेत. पोस्टग्रेसमध्ये पीजी_कॅन्सल_बॅकएंड चालू क्वेरी थांबवतं आणि सेशन जिवंत ठेवतं. पीजी_टर्मिनेट_बॅकएंड सेशनच संपवतं. मायएसक्यूएलमध्ये अनुक्रमे 'किल क्वेरी' आणि 'किल'. आधी पहिली पायरी वापरा. एक अपवाद आहे, आणि नेमका तिथेच गोंधळ होतो: आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशनवर कॅन्सलचा काहीच परिणाम होत नाही, कारण थांबवायला चालू क्वेरीच नसते. तिथे टर्मिनेटच लागतं.

ओरॅकलमध्ये एसआयडी (सेशनचा नंबर) आणि सीरियल नंबर दोन्ही द्यावे लागतात. एसआयडी पुन्हा वापरला जातो. तुम्ही यादी बघितल्यापासून कमांड देईपर्यंत तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळालेला असू शकतो. सीरियल नंबरमुळे भलत्याचं सेशन जात नाही.

ऑपरेटिंग सिस्टिममधून 'किल वजा ९' पोस्टग्रेसच्या प्रोसेसला कधीही देऊ नका. एक बॅकएंड, म्हणजे एका सेशनची प्रोसेस, असा मेला की मुख्य प्रोसेसला शेअर्ड मेमरीवर भरवसा ठेवता येत नाही. ती सगळ्यांची सेशन तोडते आणि क्रॅश रिकव्हरी करून मगच पुन्हा उभी राहते.

दोन तास चाललेलं अपडेट किल केलं, तरी सेशन जात का नाही?

रोलबॅक चालू आहे. ओरॅकल, इनोडीबी (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये केलेला प्रत्येक बदल उलटा करावा लागतो, आणि त्याला मूळ कामाइतका किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो. ओरॅकलमध्ये अशा वेळी स्टेटस 'किल्ड' दिसतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये किलच्या पुढे 'विथ स्टेटसओन्ली' लिहिलं तर किती टक्के झालं त्याचा अंदाज मिळतो. या वेळात सर्व्हर रीस्टार्ट करून सुटका होत नाही, उरलेलं काम रिकव्हरीत पुढे चालू होतं. पोस्टग्रेसमध्ये रोलबॅक जवळजवळ लगेच होतो, कारण जुन्या ओळी जागेवरच असतात. पण नव्या लिहिलेल्या, आता निरुपयोगी झालेल्या ओळी व्हॅक्यूमच्या वाट्याला येतात.

'टू मेनी कनेक्शन्स' आलं. मर्यादा वाढवू का?

आधी मोजा. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव, म्हणजे अ‍ॅपला ९७. जावामध्ये हिकारीसीपीचा पूल (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) वापरत असाल तर त्याचा मूळ आकार १०. अ‍ॅपच्या दहा प्रती चढवल्या की १० गुणिले १०, झाले १००. कोड कितीही चांगला असो, शेवटच्या पूलला जागा अपुरी पडणारच. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१ आहे, हिशेब तसाच.

बेरीज जुळत असूनही जागा संपत असेल तर गळती शोधा. आयडल सेशन स्टेट_चेंजप्रमाणे, म्हणजे स्थिती शेवटची कधी बदलली त्या क्रमाने, लावा. बरीच सेशन तासन्‌तास आयडल आहेत आणि त्यांची शेवटची क्वेरी एकच आहे असं दिसलं, तर कनेक्शन घेऊन परत न करणारा कोड त्या क्वेरीच्या आसपास आहे. डेव्हलपरला 'डेटाबेस भरलाय' असं सांगण्यापेक्षा ती क्वेरी पाठवा, तो पाच मिनिटांत जागा शोधतो. मायएसक्यूएलमध्ये वेट_टाइमआउट मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास असतो. त्यामुळे सकाळची गळती संध्याकाळपर्यंत अंगावर येते.

नुसती मर्यादा वाढवली तर पोस्टग्रेसमध्ये तितक्या प्रोसेस आणि तितकी मेमरी वाढते. थोडीच कनेक्शन अनेकांना वाटून देणारा पीजीबाउन्सरसारखा पूलर मध्ये बसवणं बहुतेक वेळा बरं पडतं.

आमची सगळी सेशन एकाच युजरच्या नावाने दिसतात. ओळखायची कशी?

अ‍ॅपला स्वतःचं नाव सांगायला लावा. पोस्टग्रेसमध्ये कनेक्शन स्ट्रिंगमध्ये अ‍ॅप्लिकेशन_नेम, ओरॅकलमध्ये डीबीएमएस_अ‍ॅप्लिकेशन_इन्फो वापरून मॉड्यूल आणि अ‍ॅक्शन, एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रोग्राम_नेम. 'बिलिंग', 'स्टॉक', 'रात्रीचा रिपोर्ट' इतकी साधी नावं पुरतात. पीजीबाउन्सर मध्ये असेल तर क्लायंट_अ‍ॅड्रेस त्याचाच दिसतो. तेव्हा त्याचं अ‍ॅप्लिकेशन_नेम_अ‍ॅड_होस्ट चालू करा, मूळ पत्ता नावाला जोडून येतो. ही सेटिंग आज करून ठेवा. अडचण आल्यावर तेव्हाची सेशन बिननावाचीच असणार.

काल रात्री अकराला सिस्टिम बसली होती. आज सकाळी कारण सापडेल का?

या व्ह्यूंमधून नाही. ते आत्ताचा क्षण दाखवतात, गेलेला नाही. ओरॅकलमध्ये १०जीपासून अ‍ॅक्टिव्ह सेशन हिस्टरी आहे: दर सेकंदाला अ‍ॅक्टिव्ह सेशनची नोंद मेमरीत होते, आणि दहातली एक नोंद डिस्कवरच्या इतिहासात जाते. मात्र ती वापरायला डायग्नोस्टिक्स पॅकचं वेगळं लायसन्स लागतं. व्ह्यू दिसतो म्हणून क्वेरी मारू नका, लायसन्स आहे की नाही ते आधी विचारा.

पोस्टग्रेसमध्ये हे घरच्या घरी होतं. दर दहा सेकंदांनी आयडल सोडून बाकीच्या ओळी, वेळेसह, एका वेगळ्या टेबलात टाकणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. पीआयडी (प्रोसेस नंबर), स्टेट, दोन्ही वेट कॉलम, झॅक्ट_स्टार्ट, अ‍ॅप्लिकेशन_नेम, क्वेरी आणि ब्लॉक करणारे पीआयडी एवढं पुरतं. दोन आठवड्यांपेक्षा जुनं पुसत जा. दहा सेकंदांच्या फटीतून लहान क्वेरी निसटतात, त्यांच्यासाठी क्वेरींची एकत्रित आकडेवारी ठेवणारं पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स आहे. सोबत लॉग_लॉक_वेट्स चालू ठेवा: कुणी डेडलॉक_टाइमआउटपेक्षा, म्हणजे मूळ सेटिंगप्रमाणे एका सेकंदापेक्षा, जास्त वेळ लॉकसाठी थांबलं की लॉगमध्ये ओळ येते.

सारखं बघत राहिल्याने डेटाबेसवर ताण येतो का?

दर काही सेकंदांनी बघितल्याने जाणवण्यासारखा नाही. मायएसक्यूएलमध्ये मात्र इन्फर्मेशन स्कीमाचं प्रोसेसलिस्ट वाचताना एक जागतिक म्यूटेक्स (सगळ्या सर्व्हरसाठी एकच असलेलं अंतर्गत कुलूप) धरला जातो, ८.०.२२ पासून परफॉर्मन्स स्कीमामध्ये त्याचंच नवं टेबल आहे, ते वापरा. पोस्टग्रेसमध्ये 'बिगिन' करून तुम्ही वारंवार व्ह्यू वाचलात तर प्रत्येक वेळी तेच चित्र दिसतं, कारण पहिल्या वाचनाची प्रत ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत धरून ठेवली जाते. काहीच हलत नाहीये असं वाटून हातपाय गळण्याआधी स्वतःचं सेशन तपासा.

गरब्याच्या पासची विक्री उघडली की सगळं अडकतं. सेशन बघून काही उपयोग?

निदान नक्की होतं. विक्री सुरू होताच शेकडो जण एकाच वेळी 'शिल्लक पास' ही एकच ओळ कमी करायला येतात, आणि यादीत 'लॉक'ची रांग दिसते. मोठा सर्व्हर घेऊन ती रांग हटत नाही, कारण सगळ्यांना तीच ओळ हवी आहे. पास आधीच वेगवेगळ्या ओळींत घालून ठेवा आणि 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' (दुसऱ्याने धरलेल्या ओळी सोडून पुढे जा) लावून प्रत्येकाला मोकळी ओळ उचलू द्या. आणि पेमेंट गेटवेचं उत्तर येईपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडं ठेवू नका. नवरात्रात बघितलेल्या यादीत आयडल इन ट्रान्झॅक्शन दिसलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

कोणते टाइमआउट लावावेत?

आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट सगळ्यांना, पाच ते दहा मिनिटं. हा ९.६ पासून आहे. स्टेटमेंट_टाइमआउट मुख्य कॉन्फिगमध्ये घालू नका, तो रात्रीच्या रिपोर्टलाही लागतो. वेब अ‍ॅपच्या रोलला वेगळा द्या. नुसत्या आयडल सेशनसाठीचा टाइमआउट १४ व्या आवृत्तीपासून आहे, पण पूलमधल्या कनेक्शनना लावलात तर पूल तुटतो, तिथे टाळा. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी_लॉक_वेट_टाइमआउट मुळात ५० सेकंद असतो. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना ५० सेकंद फार झाले.

ज्युनिअरला हे सगळं बघता यावं, पण सुपरयुजर द्यायचा नाही. जमेल?

जमेल. पोस्टग्रेस १० पासून पीजी_मॉनिटर हा रोल त्यासाठीच आहे. तो नसेल तर दुसऱ्यांच्या ओळी दिसतात, क्वेरीचा मजकूर झाकलेला राहतो. मायएसक्यूएलमध्ये 'प्रोसेस' आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'व्ह्यू सर्व्हर स्टेट' हा अधिकार द्या. एक काळजी घ्या: क्वेरीच्या मजकुरात रुग्णांची नावं, फोन नंबर, खाते क्रमांक उघडे येऊ शकतात. यादीचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याआधी तो कॉलम कापा.

अलर्ट कशावर लावू?

एकूण सेशनच्या आकड्यावर लावलेला अलर्ट आठवड्याभरात सगळे म्यूट करतात. सर्वांत जुन्या उघड्या ट्रान्झॅक्शनच्या वयावर लावा. दिवसा दहा मिनिटं आणि रात्री बॅकअप-रिपोर्टच्या वेळेत त्यांना लागणाऱ्या वेळेपेक्षा थोडं जास्त, अशी सुरुवात करा. दुसरा अलर्ट लॉकसाठी तीस सेकंदांहून जास्त थांबलेल्या सेशनवर. तिसरा, मर्यादेच्या ८० टक्के कनेक्शन भरली की. मेसेजमध्ये नुसता आकडा पाठवू नका. पीआयडी, अ‍ॅप्लिकेशन_नेम, क्लायंट_अ‍ॅड्रेस आणि क्वेरीचा टेबलाच्या नावापर्यंतचा तुकडा पाठवा, म्हणजे ज्याला मेसेज जाईल त्याला फोन कुणाला करायचा ते लगेच कळेल.